अठ्ठावन्न किलो

माणूस दारातून आत आला की मला अजूनही आधी त्याचं वजन दिसतं, चेहरा नंतर. नातजावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळे त्याला नोकरीचं विचारत होते आणि मी मनात म्हणत होते, चौऱ्याऐंशी, बुटांसकट. नातीनं नंतर त्याच्याकडून काढून घेतलं, तर पंच्याऐंशी निघालं. तो जेवून आला होता.

ही सवय मला लागली ती माझ्या थोरल्या भावाच्या विमान कंपनीत. नऊ वर्षं नीट चालली ती कंपनी. त्यातली आठ वर्षं आणि काही महिने मी तिच्याबद्दल तासन्‌तास बोलू शकते, आणि लोक मला तेवढंच बोलू देतात. उरलेले तीन-चार महिने मी आजवर कुणाला सांगितले नाहीत. आता दादा नाही, वहिनी तर केव्हाच नाही, आणि माझंही वय झालं. लिहून ठेवते.

आमचं गाव डोंगराच्या अलीकडे आणि मोठं शहर पलीकडे. रस्त्यानं नऊ तास, तेही दरड कोसळलेली नसली तर. हवेतून चाळीस मिनिटं. गावाबाहेर एक जुनी धावपट्टी होती, कधीकाळी पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानांसाठी बांधलेली. तिच्यावर गावातली माणसं गाडी चालवायला शिकायची. दादा तेव्हा एका मोठ्या कंपनीत वैमानिक होता. एकदा सुटीवर आला, त्या पट्टीवर सकाळभर एकटाच चालत राहिला आणि जेवायला घरी आला तो नोकरी सोडायचं ठरवूनच. आई म्हणाली, याला ऊन लागलंय. वहिनीनं फक्त विचारलं, "किती माणसं बसतील तुझ्या विमानात?" तो म्हणाला, आठ. ती म्हणाली, "मग पहिल्या दिवशी आठ मी गोळा करते." आणि तिनं केली. दोन वकील, एक दातांचा डॉक्टर, एक नवरा-बायको, पोस्टमास्तर, तिची मावशी, आणि आठवी ती स्वतः.

गावात विमानाला कुणी विमान म्हणत नसे. गाडी म्हणायचे. "गाडी लागली का?" "आज गाडी भरलीय का हो?" असं विचारत लोक थेट पट्टीवर यायचे. एका म्हातारबांनी तर पहिल्याच दिवशी दादाला सांगितलं, की मला शहराच्या अलीकडे, पुलापाशी उतरव.

माझं काम वजनाचं. लहान विमानात हे फार महत्त्वाचं. माणूस किती जड आहे आणि कुठे बसला आहे, यावर विमानाचं नाक आणि शेपूट यांचा तोल ठरतो. म्हणून प्रत्येक प्रवाशाचं आणि त्याच्या सामानाचं वजन करायचं, कुणी कुठे बसायचं ते ठरवायचं, आणि ते सगळं एका कागदावर लिहून वैमानिकाची सही घ्यायची. त्या कागदाला आम्ही वजनाचा कागदच म्हणायचो. त्याच्यावाचून विमान जागचं हलत नसे.

काटा आम्ही एका बंद पडलेल्या गोदामातून आणला होता. गोल तबकडीचा, पोती ठेवायचा. त्याची तबकडी मी माझ्या बाजूला फिरवून घेतली होती, म्हणजे रांगेतल्या माणसांना आकडा दिसणार नाही. मी आकडा कधी तोंडानं उच्चारत नसे. नवऱ्याला बायकोचा नाही की बायकोला नवऱ्याचा नाही. तो फक्त मला आणि दादाला कळायचा. बायका त्यामुळे माझ्याशी दोस्ती ठेवून असायच्या. पुरुष जास्त छळायचे. आमचा एक ठेकेदार होता, एकशे अठरा किलोचा. तो दर वेळी म्हणायचा, "काटेबाई, आज नाश्ता केला नाही, दोन किलो कमी लिहा." मी म्हणायचे, "नाश्ता पोटात नसेल, पण पिशवीत दिसतोय." मग रांग हसायची आणि तो सगळ्यांना पिशवीतला नाश्ता वाटायचा. काटेबाई हे नाव त्यानंच ठेवलं. पुढे गावभर तेच झालं.

दादाचा एक नेम होता. नव्या वैमानिकाला तो पहिल्या दिवशी सांगायचा, की हवेत आपलं अंग खोटं बोलतं. ढगात शिरलात की अंग म्हणतं आपण सरळ चाललोय, आणि विमान कललेलं असतं. तेव्हा अंगाचं ऐकायचं नाही, समोरच्या काट्याचं ऐकायचं. हे त्याच्या हाडात मुरलं होतं. घरी ताप आला तरी तो कपाळाला हात लावू द्यायचा नाही. आधी तापमापक आणा.

दोन वर्षांत दुसरं विमान आलं, पाचव्या वर्षी तिसरं. आणखी दोन वैमानिक आले. वंगणकाका नावाचे आमचे मिस्त्री होते, ते एकटे होते त्यांचे चार जण झाले. पत्र्याच्या आडोशाच्या जागी बसायची खोली झाली, तिला काच लागली. आम्हाला निळे गणवेश मिळाले. माझा खांद्यात इतका सैल होता की वहिनी म्हणाली, आणखी एक प्रवासी बसेल यात. कोंबडीची एक दिवसाची पिल्लं, रक्ताच्या बाटल्या, परीक्षेचे पेपर, सगळं आमच्या गाडीनं जायचं. शहरातल्या डॉक्टरांकडे जाणारी माणसं सकाळी जाऊन दुपारी परत येऊ लागली. गावातल्या एका बाईनं आमच्या विमानात बाळाला जन्म दिला आणि उतरल्यावर मला विचारलं, आता परतीच्या कागदावर वजन कसं लिहिणार? मी सांगितलं, बेरीज तीच आहे, फक्त दोन ओळींत लिहीन.

नवव्या वर्षी दादानं एकोणीस आसनांच्या विमानासाठी अर्ज केला. हे मोठं पाऊल होतं. त्याला वेगळा परवाना लागणार होता, आणि तो मिळाला तर आम्हाला किनाऱ्यापर्यंतचा मार्ग मिळणार होता. मिळाला नाही, तर त्या मार्गावर एक मोठी कंपनी टपून बसली होती, आणि किनाऱ्याला पोचली की ती आमच्या गावालाही आली असती. म्हणजे सगळं त्या परवान्यावर होतं. शहरात आम्ही कार्यालय उघडलं. ते वहिनीनं अंगावर घेतलं. दर मंगळवारी सकाळच्या गाडीनं ती जायची आणि दुपारच्या गाडीनं परत यायची. मंगळवारची फेरी दादा दुसऱ्या वैमानिकाला द्यायचा नाही. बायकोला मीच नेणार म्हणायचा. वंगणकाका त्याला चिडवायचे, की एवढी हौस असेल तर कधी सिनेमाला ने.

वहिनी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायचो. थट्टा करायची असली की ती मला जुन्या वळणानं वन्सं म्हणायची. तिचं वजन नऊ वर्षं अठ्ठावन्न होतं. एखादा किलो इकडे-तिकडे. मी तिला काट्यावर उभं करायचे ते नियम म्हणून.

एका मंगळवारी ती काट्यावर उभी राहिली आणि काटा पंचावन्नावर थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मागे वळून रांग किती लांब आहे ते पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "वन्सं, अठ्ठावन्न लिहा."

मला वाटलं, थट्टा करतेय. म्हटलं, "वजन वाढवून मागणारी तू पहिलीच."

ती हसली नाही. मला बाजूच्या खोलीत घेऊन गेली, जिथे पार्सलं ठेवायचो. तिथे उभ्या उभ्या तिनं सांगितलं. पोटात गाठ आहे. शहरातल्या रुग्णालयात दाखवलंय. दर मंगळवारी औषध चढवायचं, चौदा-पंधरा आठवडे. डॉक्टरांनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. दादाला माहीत नाही.

मी म्हटलं, आज सांग. आत्ता.

"सांगितलं तर काय करेल, तूच सांग," ती म्हणाली. "सगळं सोडून माझ्या उशाशी येऊन बसेल. तपासणी तोंडावर आलीय. परवाना गेला की सगळं गेलं, नऊ वर्षांचं. आणि मग मी बरी झाले तरी त्याला माझ्याकडे बघून काय आठवेल? मोठं विमान येऊ दे. ज्या दिवशी परवाना हातात पडेल त्या दिवशी मी स्वतः सांगते. तोवर त्याला उडू दे. एवढंच मागतेय."

मी पुन्हा म्हटलं, पण त्याला दिसेल ना. ती म्हणाली, "तो पहाटे जातो, अंधार पडल्यावर येतो. मी सैल कपडे घालते. तो माझ्याकडे बघणार नाही, तुझा कागद बघेल."

बाहेर कुणीतरी गाडी लागली का म्हणून विचारत होतं. मी परत येऊन कागदावर अठ्ठावन्न लिहिलं. पुढे किती वर्षं मी स्वतःला सांगत आले, की ते मी तिच्यासाठी केलं. पण मलाही ते एकोणीस आसनांचं विमान हवं होतं. चित्रात पाहिलेलं होतं, त्याला मागच्या बाजूनं उघडणारा जिना होता. हे तिला कळलं असेल. ती माणसं ओळखायची.

पुढचे मंगळवार असेच गेले. ती शेवटच्या आसनावर बसायची, शेपटाजवळ. मधल्या आसनावर बसली असती तर दोन-चार किलोंचा फरक कुणाला जाणवलाही नसता. पण परत येताना तिला उलट्या व्हायच्या, आणि मागे बसलं की कुणी बघत नाही. परतीचा कागद शहरातल्या काउंटरवर तीच भरायची, त्यामुळे तिथे विचारणारं कुणी नव्हतं.

दादाच्या विमानात त्याच्या मांडीशेजारी एक चाक होतं. ते पुढे-मागे फिरवून तो नाकाचा तोल साधायचा. नऊ वर्षांत त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं, की कागद वाचला की चाक कुठे थांबणार ते त्याला आधीच कळायचं. साधारण सहाव्या आठवड्यात तो माझ्या काउंटरवर येऊन म्हणाला, "छोटे, मंगळवारी चाक जागेवर थांबत नाही बघ. शेपूट हलकं लागतंय."

मी म्हटलं, सामान सरकलं असेल.

"सामान बांधलेलं होतं."

पुढच्या मंगळवारी तसंच झालं. त्यानं वंगणकाकांना शेपूट उघडायला लावलं. काकांनी दिवसभर तारा तपासल्या, कप्प्या तपासल्या, सगळं जिथल्या तिथे. दोन आठवड्यांनी पुन्हा उघडायला लावलं. त्या वेळी काका चिडले. मला म्हणाले, साहेबांच्या हाताचं काहीतरी झालंय, विमान ठणठणीत आहे. हे दादाच्या कानावर गेलं असावं. त्या संध्याकाळी मी विमानांच्या शेडमध्ये गेले तर तो खुर्चीत बसून आपला उजवा हात मिटत होता, उघडत होता.

त्यानंतर एकदाच त्यानं मला थेट विचारलं. आम्ही दोघं खिडकीशी चहा पीत होतो. पट्टीवर वहिनी कुणाशीतरी बोलत उभी होती, दोन स्वेटर घालून. तो तिच्याकडे पाहत म्हणाला, "ही वाळलीय का गं?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. सांगायचं होतं ते ओठांवर आलं होतं. पण त्यानंच पुढे म्हटलं, "नाही, कागदावर तर अठ्ठावन्नच आहे," आणि चहा संपवून तो उठला.

मी काही बोलले नाही. सगळ्या गोष्टीत माझं जे काही चुकलं ते तिथे चुकलं. कागदावर लिहिणं त्यामानानं सोपं होतं.

तपासनीस आला तो चौदाव्या मंगळवारी, न सांगता. शांत स्वभावाचा, पिकल्या मिशांचा माणूस. त्यानं शेड पाहिली, वह्या पाहिल्या, वंगणकाकांच्या हत्यारांची पेटीसुद्धा पाहिली आणि मान डोलावली. मोठ्या विमानाचा परवाना देण्याआधीची ती शेवटची पायरी होती. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं. मग प्रवासी विमानात बसल्यावर त्यानं सांगितलं, की सगळ्यांना परत उतरवा. त्याच्या मोटारीत त्याचा स्वतःचा काटा होता. तो त्यानं विमानाच्या सावलीत मांडला आणि माझा कागद हातात घेऊन एकेकाचं वजन घ्यायला सुरुवात केली.

ठेकेदार पहिला. एकशे अठरा, बरोबर. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काटेबाई, सरकारी काट्यावर तरी दोन कमी भरायला हवं होतं." तपासनीससुद्धा हसला. पुढचे सहा जण अर्ध्या किलोच्या आत जुळले. तपासनीस म्हणाला, इतका नेटका कागद मी फार कमी ठिकाणी पाहिलाय. हे ऐकून दादा कॉकपिटच्या खिडकीतून माझ्याकडे पाहून हसला.

वहिनी शेवटची होती. ती काट्यावर चढली. त्याच्या काट्याला तबकडी उघडी होती, सगळ्यांना दिसणारी.

तपासनीसानं कागद पाहिला, तबकडी पाहिली. त्याला वाटलं आपला काटा अडकला. तिला उतरून पुन्हा चढायला सांगितलं. पुन्हा एक्केचाळीस.

दादा विमानातून खाली उतरला. काही बिघडलंय एवढंच त्याला कळलं होतं. तो येऊन तबकडीसमोर उभा राहिला. त्यानं आकडा वाचला, आणि मग मान वर करून आपल्या बायकोकडे पाहिलं. मी त्या वेळी त्याचा चेहरा पाहिला नाही. मी खाली पाहत होते. त्याचे बूट मला दिसत होते, ते बराच वेळ हलले नाहीत.

वहिनी म्हणाली, "तिला बोलू नकोस. मी लिहायला लावलं."

तपासनीस विचारू लागला, की हा काय प्रकार आहे. दादा वहिनीकडे वळला. त्यानं वहिनीला विचारलं, "आज कुठे जायचं होतं तुला?" तिनं रुग्णालयाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "किती वाजता?" ती म्हणाली, "अकरा."

फेरी रद्द झाली. विमान तिथेच उभं राहिलं. दादानं गणवेशाचा कोट काढून माझ्याकडे दिला, वहिनीला मोटारीत बसवलं आणि रस्त्यानं घेऊन गेला. नऊ तासांच्या रस्त्यानं. ते पोचले तेव्हा रुग्णालयातला तो विभाग बंद झाला होता. औषध दुसऱ्या दिवशी चढवलं.

पुढचं मी थोडक्यात सांगते. एक कागद खोटा म्हटल्यावर नऊ वर्षांचे सगळे कागद संशयात गेले. आमचा परवाना सहा महिन्यांसाठी थांबवला. मोठ्या विमानाचा अर्ज फेटाळला. चौकशीला दादाला आणि मला बोलावलं. एका लांब टेबलापलीकडे तीन जण बसले होते. मी ठरवून गेले होते की सगळं माझ्यावर घ्यायचं, आणि खरं तर ते माझंच होतं. दादानं नुसतं एवढं म्हटलं असतं, की मला माहीत नव्हतं, तर मला काढून टाकून कंपनी वाचली असती. त्यांनाही तेच हवं होतं. मधल्यानं दोनदा विचारलं, "हा आकडा खोटा आहे हे आपल्याला माहीत होतं का?"

दादा म्हणाला, "मला कळायला हवं होतं."

"आम्ही ते विचारत नाही."

"कागदावर सही माझी आहे," तो म्हणाला. "दुसरं लिहू नका."

बाहेर आल्यावर मी जिन्यात रडले. तो माझ्याजवळ उभा राहिला, पण माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. आमच्या उभ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

वहिनी त्यानंतर पाच महिने होती. दादा घरीच. तिला उचलणं, पुसणं, खाऊ घालणं, सगळं तो करायचा. ती मला म्हणायची, "बघ, बसलाच की नाही उशाशी? मी म्हटलं नव्हतं?" आणि असं म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते सुखच होतं, दुसरा शब्द मला सुचत नाही. मग मला वाटायचं, हे तिला आधीच का मिळू दिलं नाही आम्ही दोघींनी?

एका दुपारी ती झोपली होती. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. दादा आत आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "पहिल्या मंगळवारी किती होतं?"

त्याला काय म्हणायचंय ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "पंचावन्न."

"दुसऱ्या?"

"चोपन्न."

असे त्यानं सगळे विचारले. उड्डाणाआधी वैमानिक यादी वाचतात ना, तसे. मी आकडा सांगायचे, तो मान हलवायचा, पुढचा विचारायचा. मला सगळे पाठ होते. त्रेपन्न. बावन्न. एक्कावन्न. सातव्याला मी पन्नास म्हटलं तेव्हा तो थांबला.

"त्याच दिवशी मी शेपूट उघडायला लावलं होतं."

"हो."

"म्हणजे माझा हात बरोबर होता."

"हो, दादा."

तो पुढे विचारत राहिला. तेराव्याला बेचाळीस. चौदावं त्यानं विचारलं नाही. उठून नळाशी आला, पेलाभर पाणी घेतलं, प्यायला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेरा वेळा नेलं तिला मी. तेरा वेळा तिच्याकडे पाठ करून बसलो. ती मागे ओकत होती आणि मी चाक फिरवत होतो." आणि पेला ठेवून परत तिच्या खोलीत गेला.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी उड्डाण खात्याचं पत्र आलं. मुदत संपली होती, परवाना पुन्हा सुरू झाला होता. तोवर मोठी कंपनी किनाऱ्याला पोचली होती, पण आमच्या गावात अजून आली नव्हती. गावातल्या लोकांनी सह्या गोळा करून पाठवल्या होत्या, की आमची गाडी आम्हाला हवी. ठेकेदारानं कामगार लावून बसायची खोली रंगवून घेतली. वंगणकाकांनी तिन्ही विमानं धुऊन पट्टीच्या कडेला रांगेत उभी केली. वहिनीनं मागितलं होतं तेच अजून हाताशी होतं. दादानं उडायचं.

सकाळी तो आला, दाढी करून, गणवेशात. आम्ही सगळे शेडसमोर उभे होतो. तो पहिल्या विमानात चढला. इंजिन सुरू झालं, चांगलं दहा मिनिटं चालू राहिलं. मग बंद झालं. तो उतरून आमच्याकडे आला नाही, पंखाखाली उभा राहिला. म्हणून मीच गेले.

"जमत नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, इतक्या महिन्यांनी बसलास, दोन दिवस जातील. वहिनीची हीच इच्छा होती.

"ऐक," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो मला विमानातली एखादी गोष्ट समजावून सांगायचा तशाच सुरात बोलत होता. "मी काट्याकडे बघतो आणि मला वाटतं, हे खरं कशावरून? मग अंगाचं ऐकायला जातो, तर नऊ वर्षं मीच अंगाला गप्प बसवलंय. आठ माणसं मागे बसवून असा माणूस वर जात नाही, छोटे."

मी म्हटलं, "मी पुन्हा काउंटरवर बसणार नाही. दुसरं कुणी ठेव."

त्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू बसलीस तरी आणि नाही बसलीस तरी," तो म्हणाला.

त्यानंतर वर्षभरात कंपनी संपली. इतर दोन वैमानिकांनी काही महिने फेऱ्या चालवल्या, पण एक मोठ्या कंपनीत गेला आणि दुसऱ्यानं एकट्यानं किती ओढायचं. विमानं एकेक करून दुसरीकडे गेली. शेवटचं न्यायला दोन अनोळखी वैमानिक आले होते, त्यांना वंगणकाका दोन तास सांगत होते की या विमानाला काय आवडतं आणि काय चालत नाही. मोठी कंपनी आमच्या गावात दीड वर्ष आली, मग तिनंही फेरी बंद केली. धावपट्टीवर पुन्हा लोक गाड्या शिकायला लागले. बाळंत झालेली ती बाई मला बाजारात भेटली की तिच्या मुलाला दाखवायची आणि म्हणायची, आता हा बसमध्ये उलट्या करतो.

दादा त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. तांत्रिक शाळेत इंजिनं शिकवायचा. माझं लग्न त्यानंच पुढाकार घेऊन लावून दिलं, माझ्या मुलांवर जीव टाकला, रविवारी माझ्याकडे जेवायला यायचा. त्या मंगळवारांबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. माफ केलं म्हणाला नाही आणि रागावलोय असंही म्हणाला नाही. मी विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटायची, दोन्ही उत्तरांची.

शहरात काम निघालं की आम्ही बरोबर जायचो, बसनं. तो मला खिडकीशी बसवायचा आणि स्वतः बाजूला, पण सरळ नाही, तिरका. गुडघे रस्त्याच्या बाजूला काढून, तोंड माझ्याकडे करून. मागून पुढून जाणाऱ्यांना अडचण व्हायची, वाहक कुरकुरायचा, तो हलायचा नाही. घाट सुरू झाला की तो माझ्याकडे बघून विचारायचा, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

मी हो म्हणायचे.

"खरं सांग."

"बरी आहे रे, दादा."

तो काही वेळ माझ्याकडे बघत राहायचा. मी खरोखरच बरी असायचे, तरी दर वेळी मला खोटं बोलल्यासारखं वाटायचं.